वेब सर्व्हिसकडून येणारं एक्सएमएल उंबऱ्यावरच उतरवून घ्या

मी पहिल्यांदा एका सेवेकडून एक्सएमएल घेणारा कोड लिहिला तेव्हा पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचून त्याची रचना उलगडणारा तयार कोड, वापरलाच नव्हता. आलेला रिस्पॉन्स म्हणजे एक लांबलचक स्ट्रिंग; त्यात उघडणारा टॅग शोधायचा, बंद होणारा शोधायचा, मधलं कापून घ्यायचं. काही महिने ते नीट चाललं. मग समोरच्यांनी रकमेच्या टॅगमध्ये चलनाचं एक ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगच्या आतच लिहिलेली नाव-मूल्याची जोडी, वाढवलं. त्यांच्या दृष्टीने काहीच मोडलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. माझ्या कोडला मात्र तो टॅग सापडेना. सापडला नाही की शून्य धरायचं, असं मीच लिहून ठेवलं होतं. दोन दिवस अहवालात सगळ्या रकमा शून्य छापल्या गेल्या आणि एकही एरर आली नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी धरून चालतो. एक्सएमएल ही स्ट्रिंग नाही, ते टॅगच्या आत टॅग असलेलं झाड आहे. आणि ते झाड घरात आणायचं नाही: उंबऱ्यावरच तपासायचं, आपल्याला हवं ते आपल्या ऑब्जेक्टमध्ये उतरवून घ्यायचं, बाकीचं बाहेरच सोडायचं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना एचटीटीपी कॉल करता येतो, पण समोरून जेसनऐवजी एक्सएमएल आलं की हात थबकतो. उदाहरणं मुख्यतः पायथनची आहेत. जावा, सी-शार्प, पीएचपी यांत नावं बदलतात, पायऱ्या त्याच राहतात. एक्सएमएल १.० ची शिफारस वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ ला जाहीर केली. आज नव्या सेवा बहुधा जेसन देतात, पण बँकांमधले आयएसओ २००२२ चे संदेश, सोप या एक्सएमएल संदेशांच्या पद्धतीवर चालणाऱ्या सेवा, शोधनिबंधांची भांडारं, बातम्यांचे फीड अशा ठिकाणी एक्सएमएल ठाण मांडून आहे.

पायरी १: कोड लिहिण्याआधी रिस्पॉन्स डोळ्यांनी पाहा

सेवेचं डॉक्युमेंटेशन वाचाच, पण त्यावर विसंबू नका. कर्ल या कमांड-लाइन साधनाने एक खरा रिस्पॉन्स मागवा आणि जसाच्या तसा फाइलमध्ये ठेवा. त्यातला एकही बाइट बदलू नका, एडिटरमध्ये उघडून ‘नीटनेटका’ करून सेव्हही करू नका. ही फाइल पुढे टेस्टसाठी लागणार आहे.

सरावासाठी ‘आर्काइव्ह’ या शोधनिबंधांच्या खुल्या भांडाराची सेवा चांगली आहे. तिला की लागत नाही, उत्तर ॲटम नावाच्या एक्सएमएल प्रकारात येतं, आणि नवख्या माणसाला अडखळवणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्या एका उत्तरात भेटतात. फक्त दोन विनंत्यांमध्ये ३ सेकंदांचं अंतर ठेवा, तशी त्यांची विनंती आहे.

इथे समजावण्यासाठी मी एक छोटा नमुना घेतो:

```
<मागण्या>
  <मागणी क्रमांक="४०१">
    <दिनांक>२०२४-०३-०९</दिनांक>
    <वस्तू नग="२">वही</वस्तू>
    <वस्तू नग="१">कंपास</वस्तू>
    <शेरा/>
  </मागणी>
  <मागणी क्रमांक="४०२">
    <दिनांक>२०२४-०३-१०</दिनांक>
    <वस्तू नग="५">
      खोडरबर
    </वस्तू>
    <रक्कम>६२.५०</रक्कम>
  </मागणी>
</मागण्या>
```

हा नमुना पार्सरला दिलात तर तो विनातक्रार वाचेल. टॅगची नावं देवनागरीत असायला एक्सएमएलची हरकत नाही. आकडे मात्र इथे केवळ वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत आहेत. एक्सएमएल स्कीमा या मूल्यांचे प्रकार ठरवणाऱ्या मानकाच्या संख्येच्या आणि तारखेच्या प्रकारांत इंग्रजी अंकच चालतात.

आता नमुना जरा निरखून पाहा. पहिल्या मागणीत दोन वस्तू, दुसरीत एकच. पहिलीत शेऱ्याचा टॅग आहे पण रिकामा, दुसरीत तो टॅगच नाही. रक्कम एकीला आहे, एकीला नाही. ‘खोडरबर’च्या आधी नवी ओळ आणि मोकळ्या जागा आहेत. पंधरा ओळींच्या नमुन्यात एवढं सगळं आहे, आणि प्रॉडक्शनमध्ये कोड याच गोष्टींवर पडतो.

पायरी २: पार्सरकडे जाण्याआधी तीन प्रश्न

उत्तर वेळेत आलं का? पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत टाइमआउट तुम्ही दिला नाही तर तो नसतोच. समोरचा सर्व्हर गप्प बसला की तुमचा प्रोग्रामही ताटकळत बसतो. टाइमआउट प्रत्येक कॉलला द्या.

स्टेटस कोड काय आहे? इथे घाई नको. २०० नसेल तर उत्तर फेकून द्यायचं, ही सवय एक्सएमएलच्या सेवांत महागात पडते. सोप १.१ मध्ये चूक झाली की सेवा ५०० देते आणि नेमकं काय चुकलं ते त्याच उत्तराच्या पोटात ‘फॉल्ट’ नावाच्या एलिमेंटमध्ये (एलिमेंट म्हणजे टॅग आणि त्याच्या आतलं सगळं) लिहिते. ते न वाचता ‘सर्व्हर एरर’ एवढंच लॉग केलंत तर खरं कारण तुम्हीच पुसून टाकता. उलटही घडतं. ‘आर्काइव्ह’ आपली चूक सांगताना नेहमीसारखाच ॲटम फीड पाठवतं, फक्त त्यात शीर्षकाच्या जागी ‘एरर’ लिहिलेली एकच नोंद असते. तपासली नाही तर ती शोधनिबंध म्हणून तुमच्या डेटाबेसात जाऊन बसेल.

आणि आलेलं उत्तर खरंच एक्सएमएल आहे का? कंटेंट-टाइप हेडर पाहा. मधल्या एखाद्या प्रॉक्सीने देखभालीचं एचटीएमएल पान पुढे केलं असेल, तर पार्सर ‘टॅग जुळत नाही’ असं काहीतरी सांगेल आणि तुम्ही अर्धा दिवस चुकीच्या जागी शोधत राहाल.

पायरी ३: पार्सरला स्ट्रिंग नव्हे, बाइट्स द्या

मराठीत काम करणाऱ्यांना हा धडा लवकर मिळतो, कारण आपला मजकूर लगेच बिघडलेला दिसतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट्स. ते बाइट्स कुणी लॅटिन-१ समजून वाचले तर एका बाइटचं एक अक्षर होतं आणि ‘मराठी’च्या जागी १५ विचित्र चिन्हांची माळ येते. स्क्रीनवर तशी माळ दिसली की समजा, डेटा शाबूत आहे, वाचणाऱ्याने एन्कोडिंग चुकीचं धरलंय.

हे घडतं कुठे? रिक्वेस्ट्समध्ये उत्तर दोन रूपांत मिळतं: ‘टेक्स्ट’ आणि ‘कंटेंट’. हेडरमध्ये कॅरॅक्टर सेट लिहिलेला नसेल आणि प्रकार टेक्स्ट गटातला असेल, तर ‘टेक्स्ट’ सरळ लॅटिन-१ धरून मोकळं होतं. एक्सएमएलला मात्र आपलं एन्कोडिंग स्वतःच्या पहिल्या ओळीत सांगायची सोय आहे, आणि काहीच सांगितलं नसेल तर पार्सर ते यूटीएफ-८ किंवा सुरुवातीची बाइट ऑर्डर मार्क ही खूण पाहून यूटीएफ-१६ धरतो. हे सगळं पार्सरला येतं. तुम्ही आधीच बाइट्सची स्ट्रिंग करून दिलीत तर त्याच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. एलएक्सएमएल ही पायथनची लायब्ररी तर पहिल्या ओळीत एन्कोडिंग असलेली युनिकोड स्ट्रिंग दिली की चक्क नकार देतं. म्हणून ‘कंटेंट’ घ्या, म्हणजे कच्चे बाइट्स, आणि तेच पार्सरकडे सोपवा.

एक बारीक गोष्ट याच पायरीवर सांगतो. घोषणेची ती पहिली ओळ असेल तर ती अगदी पहिल्या बाइटपासून सुरू व्हावी लागते. तिच्या आधी एखादी रिकामी ओळ किंवा मोकळी जागा आली तरी पार्सर थांबतो. चाचणीसाठी एक्सएमएल कोडमध्येच तिहेरी अवतरणांत लिहिताना ही चूक हमखास होते.

पार्सर असा थांबतो याचा राग धरू नका. एचटीएमएलचा ब्राउझर चुकलेलं सावरून घेतो. एक्सएमएलच्या पार्सरला तशी मुभा मानकानेच दिलेली नाही. रचना बिघडली की थांबायचं आणि सांगायचं. अर्धवट आलेलं उत्तर पूर्ण समजून पुढे जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पार्सरची एरर पकडून गिळून टाकू नका, लाइन आणि कॉलम नंबरसकट लॉग करा.

पायरी ४: पार्सरला कडी लावा

ही पायरी नवख्यांच्या लेखांत बहुतेक वेळा शेवटी, ‘प्रगत’ म्हणून येते. माझ्या मते ती पहिला कॉल करण्याआधीच व्हायला हवी.

एक्सएमएलमध्ये सुरुवातीच्या डॉकटाइप नावाच्या भागात आपली स्वतःची एंटिटी ठरवता येते, म्हणजे एका छोट्या नावामागे मोठा मजकूर ठेवता येतो. त्यातून दोन हल्ले होतात. पहिल्याला ‘बिलियन लाफ्स’ म्हणतात. एका एंटिटीत तीन अक्षरांचा शब्द ठेवायचा, दुसरीत पहिलीला १० वेळा बोलवायचं, तिसरीत दुसरीला १० वेळा, आणि असंच पुढे. अशा ९ पायऱ्या झाल्या की १ किलोबाइटच्या आसपासच्या फाइलमधून १ अब्ज शब्द उलगडतात आणि सुमारे ३ गिगाबाइट मेमरी खातात. दुसरा हल्ला बाहेरच्या एंटिटीचा, ‘एक्सएक्सई’: एंटिटीचा मजकूर म्हणून तुमच्याच सर्व्हरवरच्या एखाद्या फाइलचा पत्ता द्यायचा. पार्सर भोळेपणाने ती फाइल वाचतो आणि तिचा मजकूर झाडात घालतो. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत हा चौथ्या क्रमांकावर होता.

‘पण सेवा तर विश्वासातली आहे’ हे उत्तर पुरत नाही. सेवा विश्वासातली असली तरी तिच्यात मजकूर भरणारे कोण आहेत ते तुम्हाला दिसत नाही.

पायथनमध्ये डिफ्यूज्ड-एक्सएमएल ही लायब्ररी बसवा आणि पार्सर तिच्याकडून घ्या. वापरायची पद्धत पायथनसोबतच येणाऱ्या एलिमेंट-ट्री या नेहमीच्या पार्सरसारखीच आहे. जावात पार्सरच्या फॅक्टरीवर डॉकटाइप नाकारणारं फीचर स्वतः चालू करावं लागतं. डॉटनेटमध्ये डीटीडी (डॉकटाइपमधल्या व्याख्या) प्रोसेसिंग ‘प्रोहिबिट’वर असल्याची खात्री करा.

डॉकटाइप सरसकट बंद करण्याआधी मात्र पायरी १ मधली फाइल पुन्हा बघा. वैद्यकीय शोधनिबंधांच्या पबमेडसारखी प्रामाणिक सेवाही आपल्या एक्सएमएलमध्ये डॉकटाइप पाठवते. डिफ्यूज्ड-एक्सएमएल मुळात डॉकटाइपला आत येऊ देतं आणि एंटिटी व बाहेरचे संदर्भ अडवतं. बहुतेकांना एवढा बंदोबस्त पुरतो.

पायरी ५: नेमस्पेस

आता ‘आर्काइव्ह’चं उत्तर पार्स करा आणि ‘एंट्री’ नावाचे एलिमेंट मागा. रिकामी यादी येईल. फाइलमध्ये एंट्री डोळ्यांना दिसतेय, कोडला सापडत नाही. एक्सएमएल शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे अडकतो, आणि पुष्कळ जण कंटाळून पुन्हा रेग्युलर एक्स्प्रेशनकडे वळतात. वळू नका, गोष्ट साधी आहे.

एकाच कागदात दोन वेगळ्या घराण्यांचे टॅग येऊ शकतात. ॲटमचं ‘टायटल’ वेगळं, दुसऱ्या कुणाचं वेगळं. गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक घराण्याला वेब पत्त्यासारखं दिसणारं एक लांब नाव देतात. तो पत्ता उघडण्यासाठी नसतो, पार्सर तिथे काही आणायला जात नाही. ते फक्त आडनाव आहे. एलिमेंटचं पूर्ण नाव म्हणजे आडनाव अधिक स्वतःचं नाव. टॅगच्या आधी कोलन लावून येणारा प्रीफिक्स हे त्या आडनावाचं त्या कागदापुरतं टोपणनाव. टोपणनाव उद्या बदललं तरी सेवेने काही मोडलं असं होत नाही, म्हणून कोड टोपणनावावर कधीही अवलंबून ठेवू नका.

‘आर्काइव्ह’च्या एंट्रीला प्रीफिक्स दिसत नाही, कारण मूळ एलिमेंटवर डिफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेला असतो आणि तो आतल्या सगळ्या एलिमेंटना लागू होतो. ॲट्रिब्यूटना मात्र तो लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

उपाय असा: कोडच्या वर एक छोटी डिक्शनरी करा, त्यात आपल्या सोयीचं टोपणनाव आणि समोर पूर्ण पत्ता. शोधताना आपलं टोपणनाव लावून एंट्री मागा आणि डिक्शनरी सोबत द्या. पत्ता फाइलमधून कॉपी करा, हाताने टाइप करू नका. शेवटच्या एका तिरक्या रेघेनेही नाव वेगळं होतं. झाडात एलिमेंट शोधायच्या एक्सपाथ १.० या भाषेतही प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे ‘कुठलाच नेमस्पेस नसलेलं’ असाच अर्थ होतो, त्यामुळे तिथेही हेच करावं लागतं. नेमस्पेस आधीच छाटून टाकणारे तुकडे इंटरनेटवर सापडतात. ते वापरलेत तर ज्या दिवशी दोन घराण्यांचा एकाच नावाचा टॅग येईल, त्या दिवशी चुकीचा डेटा गुपचूप आत येईल.

पायरी ६: मूल्यं काढताना

नमुन्यातल्या शेऱ्याकडे परत येऊ. ‘नाही’ आणि ‘रिकामा’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. टॅगच नसेल तर एलिमेंट-ट्रीचं ‘फाइंड’ तुम्हाला ‘नन’ (पायथनचं ‘काहीच नाही’) देतं. टॅग असून रिकामा असेल तर एलिमेंट मिळतो, पण त्याचा ‘टेक्स्ट’ ‘नन’ असतो. काही सेवा तिसरी गोष्टही करतात: ‘निल’ नावाचं ॲट्रिब्यूट लावून ‘इथे मूल्य नाही’ असं मुद्दाम सांगतात. तुमच्या कामात या तिघांचा अर्थ एकच आहे की वेगळा, ते प्रत्येक फील्डसाठी एकदा ठरवा आणि लिहून ठेवा. आवश्यक फील्ड नसेल तर एरर द्या. शून्य धरू नका.

पायथनमध्ये इथे एक खड्डा आहे. एलिमेंट सापडला का हे बघायला नुसतं ‘इफ एलिमेंट’ लिहिलं, तर ज्याच्या आत दुसरे एलिमेंट नाहीत तो ‘फॉल्स’ ठरतो. म्हणजे आपला दिनांक सापडलाय, त्यात मजकूरही आहे, तरी कोड म्हणतो नाही. पायथन ३.१२ पासून यावर इशारा येतो. नेहमी ‘नन नाही ना’ असंच स्पष्ट विचारा.

मजकूर घेतला की दोन्ही टोकांची मोकळी जागा काढा. ‘आर्काइव्ह’च्या शीर्षकांत तर मधेच ओळ तुटलेली असते; तिथे सलग आलेल्या सगळ्या मोकळ्या जागांची एकच जागा करावी लागते. मजकुराच्या मध्ये तिरप्या किंवा ठळक अक्षरांचा टॅग असेल, तर ‘टेक्स्ट’ फक्त त्या टॅगपर्यंतचाच भाग देतो आणि टॅगनंतरचा भाग त्या आतल्या एलिमेंटच्या ‘टेल’मध्ये जातो. पूर्ण वाक्य हवं असेल तर ‘आयटर-टेक्स्ट’ वापरा.

मग प्रकार. रक्कम डेसिमलमध्ये घ्या, फ्लोटमध्ये कधीच नाही. बूलियनच्या चार लिखावटी स्कीमाला मान्य आहेत: ट्रू, फॉल्स, १ आणि ०, फक्त ‘ट्रू’शी तुलना केलीत तर १ पाठवणाऱ्या सेवेचं प्रत्येक ‘हो’ तुमच्याकडे ‘नाही’ होईल. वेळेत टाइमझोन असणं सक्तीचं नाही, तेव्हा नसल्यास कुठला धरायचा हे सेवेला विचारून घ्या.

एक्सएमएल थेट डिक्शनरीत बदलणारी एक्सएमएल-टू-डिक्ट वापरत असाल तर वस्तूंकडे बघा. पहिल्या मागणीत तुम्हाला वस्तूंची यादी मिळेल, दुसरीत यादी नाही, एकच सुटी वस्तू. तुमचा लूप मग त्या एका वस्तूच्या आतल्या फील्डवर फिरू लागतो. टेस्टमध्ये नेहमी दोन-तीन वस्तू असतात म्हणून हे सापडत नाही. त्या लायब्ररीत ‘फोर्स-लिस्ट’ हा पर्याय याचसाठी आहे.

पायरी ७: उंबरा

वरचं सगळं एकाच फंक्शनमध्ये राहू द्या. त्याचा सांगाडा साधारण असा:

```
मागणी_वाच(एलिमेंट):
    क्रमांक = एलिमेंटचं ॲट्रिब्यूट "क्रमांक"
    क्रमांक नसेल  → एरर: "क्रमांक नसलेली मागणी"
    दिनांक  = तारखेत बदल(मजकूर "दिनांक")
    वस्तू   = प्रत्येक "वस्तू" एलिमेंटची यादी
    यादी रिकामी   → एरर: क्रमांक + " मध्ये वस्तू नाही"
    रक्कम   = असेल तर डेसिमल, नसेल तर "ठाऊक नाही"
    परत दे → मागणी(क्रमांक, दिनांक, वस्तू, रक्कम)
```

बाइट्स आत, आपले ऑब्जेक्ट बाहेर. बाकीच्या ॲप्लिकेशनला एक्सएमएल म्हणून काही असतं हे ठाऊकही नसावं. एलिमेंट हातात घेऊन तीन-चार मोड्यूल ओलांडणारा कोड मी पाहिलाय; सेवेने एक टॅग बदलला की तिथे अकरा जागी हात घालावा लागतो. एररमध्ये मागणीचा क्रमांक जरूर घाला, नाहीतर रात्री लॉग वाचणाऱ्याला हजारांतली एक नोंद शोधत बसावं लागेल. एका नोंदीत चूक निघाली तर सगळी खेप थांबवायची की तेवढी नोंद बाजूला ठेवायची, हा निर्णय या फंक्शनला बोलावणाऱ्याचा आहे.

या फंक्शनच्या टेस्टसाठी पायरी १ ची फाइल वापरा आणि तिच्या शेजारी आणखी काही ठेवा: एकही नोंद नसलेलं उत्तर, एकच नोंद असलेलं, चूक झाल्याचं सांगणारं, मधेच तुटलेलं. प्रॉडक्शनमध्ये नवं काही विचित्र आलं की तेही याच फोल्डरमध्ये जाऊ द्या, त्यातली खासगी माहिती आधी बदलून.

फाइल फार मोठी असेल तर

पूर्ण झाड मेमरीत उभं राहिलं की ते फाइलच्या कित्येक पट जागा घेतं. काही मेगाबाइटपर्यंत काळजी नको. शेकडो मेगाबाइटचा डेटा असेल तर ‘आयटर-पार्स’ने एकेक मागणी पूर्ण झाली की हातात घ्या, वापरा आणि लगेच ‘क्लिअर’ करा. क्लिअर केलेले रिकामे एलिमेंटही मूळ एलिमेंटला लटकलेलेच राहतात, तेव्हा अधूनमधून मूळही साफ करावं लागतं. जावात हेच काम स्टॅक्स करतं.

आणि उलट दिशेने पाठवताना

एक्सएमएल तयार करायचं असेल तेव्हाही स्ट्रिंगा जोडू नका. कुणाच्या नावात किंवा पत्त्यात अँड-चिन्ह किंवा ‘पेक्षा लहान’चं चिन्ह आलं की रचना मोडते, लायब्ररीने एलिमेंट बनवला तर ती त्यांचं रूपांतर आपोआप करते. आधीच रूपांतर केलेला मजकूर पुन्हा लायब्ररीला देऊ नका, दोनदा रूपांतर होऊन समोरच्याला चिन्हाऐवजी त्याचा कोड दिसतो. एक गोष्ट मात्र लायब्ररीवर सोडता येत नाही. एक्सएमएल १.० मध्ये टॅब, लाइन फीड आणि कॅरेज रिटर्न सोडले तर ३२ च्या खालचं एकही कंट्रोल कॅरॅक्टर चालत नाही, कोड म्हणून लिहूनही नाही. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेल्या मजकुरात ती लपून येतात. पायथनचं एलिमेंट-ट्री ती निमूटपणे लिहून टाकतं, आणि फाइल उघडताना समोरच्याचा पार्सर थांबतो. मजकूर एलिमेंटमध्ये घालण्याआधीच ती गाळून घ्या.